चुकीच्या नावाचे साक्षीदार

माझ्या थोरल्या मावशीला तिच्या ऑफिसात सगळे बुरशीबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम, आणि तिची पाठ वळली की बुरशीबाई. तिला ते माहीत होतं आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. घरी पावाला बुरशी आली तरी टाकून देण्याआधी ती तो तुकडा उजेडात धरून निरखायची. काका, म्हणजे तिचे यजमान, पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "अगं, तिची सगळी चौकशी करून झाली असेल तर फेक आता."

तिचं काम थोडक्यात सांगायचं तर नाव देण्याचं होतं. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा बुरश्यांचे जीनोम वाचतात, म्हणजे पेशीत दडलेली, चारच अक्षरांत लिहिलेली एक प्रचंड लांब ओळ उतरवून काढतात आणि ती एका सामाईक डेटाबेसमध्ये ठेवतात. हा डेटाबेस कुणा एकाचा नाही. कुणीही त्यात भर घालावी, कुणीही त्यातून घ्यावं. नवी ओळ आली की यंत्रणा ती जुन्या ओळींशी ताडून बघते आणि जिच्याशी ती सर्वांत जास्त जुळते, तिचं नाव नवीला सुचवते. ते नाव मान्य करायला प्रत्येक प्रयोगशाळेत माणसं नेमलेली असतात. मावशी त्यांतली एक. प्रत्येक नोंदीच्या तळाशी हे नाव कुणी दिलं हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

ती बसायची त्या खोलीला खिडकी नव्हती. शेजारच्या दालनात मोठी यंत्रं होती आणि ती तापू नयेत म्हणून सगळा मजलाच थंड ठेवलेला असायचा. बाहेर उन्हाने रस्ता तापलेला असताना मावशी आत स्वेटर घालून बसलेली असे. दार कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नसे, आत जातानाही आणि बाहेर पडतानाही. एकदा कार्ड डब्याच्या पिशवीत राहिलं आणि पिशवी कँटीनमध्ये, ती मात्र दुसऱ्या कुणाच्या मागोमाग आत शिरलेली, तेव्हा कुणीतरी येईपर्यंत ती काचेपलीकडे उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हातवारे करत होती. हा किस्सा ती स्वतःच रंगवून सांगायची. निवृत्तीच्या वर्षात मात्र तिने तो सांगणं सोडून दिलं.

त्या वर्षी तिला एका डॉक्टरणीचा फोन आला. छातीच्या विकारांच्या हॉस्पिटलात ती प्रयोगशाळा सांभाळायची. आवाज तरुण होता आणि थकलेला. तिने सांगितलं ते असं. तिच्याकडे एक बसड्रायव्हर आला होता, ताप आणि खोकला हटत नव्हता. त्याच्या फुप्फुसातून घेतलेल्या नमुन्यात बुरशी सापडली. तिने त्या बुरशीचा जीनोम वाचून घेतला आणि डेटाबेसला विचारलं. डेटाबेसने नाव सांगितलं ते मातीत राहणाऱ्या एका निरुपद्रवी बुरशीचं. अशी बुरशी नमुन्यात दिसली तर डॉक्टर ती धूळ समजतात. हवेतून पडली असेल, सोडून द्या. त्यांनी सोडून दिली. ड्रायव्हर दिवसेंदिवस खालावत गेला, तेव्हा कुठे तिला शंका आली आणि तिने आपल्या जबाबदारीवर औषध सुरू केलं.

"वाचला," ती म्हणाली. "पण माझ्या नशिबानं वाचला, तुमच्या नोंदीनं नाही."

मावशीने तिला वाढवलेल्या बुरशीची एक बशी घेऊन यायला सांगितलं.

दोन्ही बुरश्यांना लॅटिनमध्ये लांबलचक नावं होती, पण मावशीच्या तोंडी ती कधी आली नाहीत. मातीतल्या गरीब बुरशीला ती मातकट म्हणायची आणि फुप्फुसात घर करणाऱ्या तिच्या चुलत बहिणीला करडी; इथे सगळीकडे मीही तीच नावं लिहिली आहेत. दोघी डोळ्यांना जवळजवळ सारख्या. पण एक फरक होता आणि तो कुठल्याही शहाण्याला पटेल असा होता. मातकटला माणसाच्या अंगातली ऊब सोसत नाही. तेवढ्या उबेत ठेवली की ती वाढायचं थांबते. करडी त्याच उबेत फोफावते. मावशीने वरच्या मजल्यावरच्या ऊबपेटीत दोन बशा शेजारी-शेजारी ठेवल्या, एक खात्रीच्या मातकटची, दुसरी डॉक्टरणीने आणलेली. दोन-तीन दिवसांनी पेटी उघडली, तर पहिली ठेवली तशीच होती. दुसरीवर काठापासून काठापर्यंत करडी लव आली होती.

मग तिने डेटाबेसमधली ती मातकटची नोंद उघडली आणि तळाची बारीक ओळ वाचली. नाव तिचंच होतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने आम्हा दोघांना सगळं सांगितलं. मी तेव्हा शिक्षणासाठी तिच्याकडेच राहत होते. सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. ती नोंद तिच्या नोकरीच्या सुरुवातीची होती, डेटाबेस अजून रिकामा-रिकामा असतानाची. मातकट नाव लिहिलेली, आत बुरशी वाढवलेली एक काचेची नळी तिच्याकडे आली होती. त्या काळी पद्धत अशी होती की नळीवरचं नाव तेच नोंदीतलं नाव. नळी पुन्हा उघडून खात्री करायची नाही, कारण जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा बाहेरचं काहीतरी आत जाणार. नळी शुद्ध राहावी म्हणून तिच्यात डोकवायचं नाही. सगळेच तसं करायचे आणि त्यात चुकीचं काही आहे असं कुणालाच वाटत नसे. पण बुरश्यांच्या प्रयोगशाळेत डोळ्यांना न दिसणारी एक कीड फिरत असते. ती एका नळीतून दुसरीत जाते आणि जाताना अंगाला बीजाणू चिकटवून नेते. त्या नळीत मातकट होती खरी, पण ती कधीच मागे पडली होती. करडीने आतून सगळी जागा घेतली होती. मावशीने वाचला तो करडीचा जीनोम आणि त्याला दिलं मातकटचं नाव.

काका आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. त्यांना या चुकीत काही विशेष वाटलं नाही. "आमच्याकडे असं झालं की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात शुद्धिपत्र टाकायचो," ते म्हणाले. "वाचत कुणी नव्हतं ते सोड. टाकायचो."

"मीही टाकते उद्या," मावशी म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्ती भरली. यंत्रणेने ती ताडून बघितली आणि परत पाठवली. शेरा होता, बहुसंख्य नोंदींशी विसंगत.

मावशीने त्या बहुसंख्य नोंदी उघडायला सुरुवात केली. मधल्या सगळ्या वर्षांत, जिथे-जिथे कुणाला करडी सापडली, तिथे-तिथे त्यांनी तिचा जीनोम वाचून डेटाबेसला विचारलं होतं की ही कोण. डेटाबेसने मावशीची नोंद पुढे केली होती आणि सांगितलं होतं, मातकट. त्यांनी मान डोलावून तेच नाव लिहिलं होतं. त्यांच्या नोंदींवरून आणखी कुणी. मावशी एकेक धागा धरून मागे जायची आणि प्रत्येक धागा तिच्याच त्या जुन्या नळीपाशी येऊन संपायचा.

"सगळे माझेच आहेत," ती मला म्हणाली. "माझंच बोट धरून आत आले आणि आता माझ्याच तोंडावर सांगतायत, बाई, तुमचं चुकतंय."

ती त्यांना लिहीत सुटली. काही प्रयोगशाळा बंद पडल्या होत्या. काही माणसं दुसरीकडे गेली होती, तिथून तिसरीकडे. ज्यांची उत्तरं आली ती मोठी सौजन्याची होती आणि सगळ्यांचा मथितार्थ एकच होता. आम्ही तुमच्या नोंदीवरून नाव दिलंय, तुम्ही आधी बदला, लगेच आम्हीही बदलतो. मावशीची नोंद बदलायची तर त्यांच्या बदलायला हव्या होत्या, आणि त्यांच्या बदलायच्या तर मावशीची. तिने हे काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते हसायला लागले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले आणि उगाच ताटातला भात कालवत बसले.

महिन्याअखेर तिची निवृत्ती होती. निवृत्तीच्या दिवशी नाव देण्याचा अधिकार जातो आणि त्या माणसाच्या नोंदी कायमच्या गोठतात. एवढी एक नोंद त्याआधी सुधारायची, याखेरीज तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याच दिवसांत मला तिच्यात काही गोष्टी दिसायला लागल्या. बसमध्ये जागा असली तरी ती दाराजवळ उभी राहायची. लिफ्ट टाळायची, म्हणायची, व्यायाम होतो. झोपायच्या खोलीचं दार उघडं ठेवायला लागली आणि काकांनी ते सवयीने लावलं की उठून परत उघडायची.

विभागाचे साहेब वयाने तिच्यापेक्षा बरेच लहान. एके काळी तिच्याच हाताखाली शिकलेले. ती त्यांच्याकडे गेली, बरोबर ऊबपेटीतल्या बशांचे फोटो घेऊन. साहेबांनी ते नीट बघितले. तिचं म्हणणं खरं आहे, हे त्यांनी लगेच मान्य केलं. मावशी म्हणते की तोच सगळ्यात वाईट क्षण होता. त्यांनी हुज्जत घातली असती तर तिला काहीतरी करता आलं असतं.

"मॅडम, मला पटतंय हो," ते म्हणाले. "पण यंत्रणा ऊब ओळखत नाही, अक्षरं ओळखते. आणि हातानं नाव बदलायची सोय आपण काढून टाकलीय."

"मग परत ठेवा."

"ती का काढली ते आठवतंय ना? तो बडा प्राध्यापक आपल्या सोयीनं नावं फिरवत होता. सगळ्यांनी मिळून ठराव केला, यापुढे माणसाची मर्जी चालणार नाही, जुळेल तेच खरं." त्यांनी फोटो तिच्याकडे सरकवले. "तुम्ही सर्वांत आधी हात वर केला होता."

मावशीला आठवत होतं. तो ठराव योग्यच होता, असं तिला तेव्हाही वाटलं होतं आणि त्या खुर्चीत बसून ऐकतानाही वाटत होतं. साहेबांच्या जागी ती असती तर तिनेही हेच उत्तर दिलं असतं. तसं ती त्यांना म्हणालीसुद्धा. साहेब ओशाळले. त्यांनी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत विचार करून एक वाट काढली. नाव बदलता येत नसलं तरी देणाऱ्याला ते मागे घेता येतं. मातकट काढून टाकायचं आणि जागा रिकामी सोडायची. करडी म्हणता आलं नाही तरी निदान खोटं तरी बोललं जाणार नाही. आणि मूळ नोंदच निनावी झाली की बाकीच्यांनाही जरा विचार करावा लागेल.

घरी आली तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी मोकळी वाटत होती. तिने स्वतःहून काकांना चिडवलं की तुमच्या शुद्धिपत्रापेक्षा हे बरं, चूक खोडूनच टाकायची. काका म्हणाले, कोरी जागा पाहिली की आमचा फोरमन तिथे जाहिरात टाकायचा. ती हसली.

तिने दुसऱ्या दिवशी सकाळी नाव मागे घेतलं. यंत्रणेने या वेळी काही हरकत घेतली नाही. नोंदीत नावाच्या जागी एक आडवी रेघ आली. ती म्हणते, दिवसभर अधूनमधून ती रेघ उघडून बघत होते. संध्याकाळी निघतानाही रेघ होती.

सकाळी कामावर जाऊन बघते तर रेघेच्या जागी परत मातकट.

आधी तिला वाटलं, आपणच काल नीट केलं नाही. मग तळाची ओळ वाचली. डेटाबेसमध्ये कुठलीही नोंद निनावी राहू नये, अशी सोय केलेली होती. रिकामी जागा दिसली की यंत्रणा रोजच्या फेरीत ती आजूबाजूच्या नोंदींशी ताडून बघायची आणि सर्वांत जुळणारं नाव भरून टाकायची. यंत्रणेने ताडून बघितलं होतं. आजूबाजूला सगळे मातकट. मावशीच्या चुकीच्या नकलांनी मावशीच्याच नोंदीला ते नाव परत बहाल केलं होतं. तळाशी, जिथे इतकी वर्षं तिचं नाव होतं, तिथे आता लिहिलं होतं, नाव देणारा, यंत्रणा.

बातमी खोलीत पसरली आणि लोक येऊन तिचं अभिनंदन करायला लागले. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, सुटलात मॅडम, आता ते तुमच्या नावावर नाही. साहेबांनाही मनापासून तसंच वाटत होतं. आपण सुचवलेली वाट त्यांना हवी तशी लागू पडली नव्हती, पण एका अर्थी पडली होती.

"माझ्या नावावर होतं तोवर मला त्याला हात तरी लावता येत होता," मावशी म्हणाली. मग स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला टांगला आणि त्या थंडीत तशीच काम करत बसली.

निवृत्तीचा समारंभ आटोपशीर झाला. भाषणं झाली, तिच्या अचूकपणाबद्दल दोघंतिघं बोलले. ती टाळ्यांच्या वेळी हात जोडून उभी राहिली. तिचं कार्ड परत घेतलं गेलं आणि बाहेर पडायला दार साहेबांनी उघडून दिलं.

डॉक्टरणीला तिने सगळं प्रत्यक्ष जाऊन सांगितलं. मी बरोबर होते. हॉस्पिटलातली ती प्रयोगशाळा एका लांब बोळाच्या टोकाला, दोन टेबलांएवढी. भिंतीवर डॉक्टरणीने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं होतं, मातकट आली तर करडी समजा. त्या एका खोलीपुरती चूक सुधारली होती. पण नमुने दुसरीकडेही जात होते आणि तिथे तो कागद नव्हता. मावशीने तो कागद दोनदा वाचला. मग तिने विचारलं की ड्रायव्हरच्या बुरशीचा जीनोम तू डेटाबेसमध्ये ठेवला आहेस का. डॉक्टरणी म्हणाली, नाही, ठेवून काय करू, परत तेच नाव सुचवणार.

"सुचवू दे. तू घेऊ नकोस," मावशी म्हणाली. "तुझी नोंद आहे, नाव तू दे. लिही करडी. मी सांगते कसं भरायचं ते."

"ते नाकारतील."

"नवी नोंद नाकारत नाहीत. संशय घेतात फक्त."

डॉक्टरणीने तिला आपली खुर्ची दिली. मावशी नको म्हणाली. आता आपल्याला त्यात हात घालता येत नाही, तूच बस. ती मागे उभी राहून सांगत गेली आणि डॉक्टरणी भरत गेली. पुराव्याच्या रकान्यात ऊबपेटीतल्या बशांचे फोटो जोडले. यंत्रणा ते बघणार नव्हती, पण कुणी माणूस उघडेल तर त्याला दिसावेत.

काही दिवसांनी ती नोंद सगळ्यांसाठी खुली झाली. मावशीने घरच्या संगणकावर शोध घेतला. आधी मातकटांची रांग आली, पडदा खाली सरकवला तरी संपेना. अगदी तळाशी एकच ओळ होती. करडी. तिच्यापुढे पिवळ्या अक्षरांत, संशयास्पद.

काका मागून वाकून बघत होते. "एवढ्या गर्दीत एकटीच," ते म्हणाले, "आणि तिच्यावरच संशय."

मावशीने त्यांना पुढचा नियम सांगितला. संशयास्पद नोंद कायम राहत नाही. अधूनमधून झाडझूड होते आणि जिला कुणाचा दुजोरा नसतो ती काढून टाकली जाते. दुजोरा द्यायला अधिकार लागत नाही, बाहेरच्या कुणालाही देता येतो. मात्र एकदा दिलेला पुढच्या झाडझुडीला धरत नाहीत, परत द्यावा लागतो. आणि झाडझूड कधी होणार हे आधी जाहीर करत नाहीत.

"म्हणजे तुला रोज बघायला लागणार," काका म्हणाले.

"हो."

"किती दिवस?"

डॉक्टरणीला हॉस्पिटलातून सवड होत नव्हती आणि मी दुजोरा देते म्हटलं तर मावशी म्हणाली, तुला बुरशी कळत नाही, न कळता होकार देणाऱ्यांनीच हे केलंय.

तिच्या मुलीने, माझ्या मावसबहिणीने, दोघांना कायमचं आपल्याकडे बोलावलं होतं. तिचं गाव समुद्राकाठी होतं, घराला मोठ्या खिडक्या होत्या. मावशी दर फोनला काही ना काही सबब सांगायची. शेवटी काकांनीच बॅगा भरल्या आणि म्हणाले, अगं, इंटरनेट तिकडेही आहे. मी त्यांना सोडायला गेले. संपूर्ण प्रवासात फोनला नेट लागत नव्हतं. मावशी खिडकीबाहेर बघत बसली होती, पण विचारलं तर आत्ता काय मागे गेलं हे तिला सांगता आलं नसतं.

मुलीने दार उघडलं आणि आईला मिठी मारायला पुढे झाली. मावशीने चप्पलही काढली नव्हती. तिने आधी वायफायचा पासवर्ड विचारला. मुलगी आमच्याकडे बघायला लागली. काकांनी तिला मानेनेच खुणावलं, सांग. मावशी पलंगाच्या कडेला टेकली, शोध घेतला आणि अंगठ्याने पडदा वर सरकवत राहिली. बराच वेळ सरकवत राहिली. आम्ही तिघं बॅगा घेऊन तसेच उभे होतो.

"आहे," ती म्हणाली. तिने दुजोऱ्याचं बटण दाबलं.

"झालं ना? आता चप्पल काढ," काका म्हणाले.

"नोंदवलं गेलं का ते दिसू दे," मावशी म्हणाली आणि फोन खिडकीच्या उजेडात धरून निरखत बसली.